उसनी दिलेली एकतीस मतं

डोरीन पेल्की गेली सव्वीस वर्षं वेल्डनच्या शाळेची चौदा नंबरची बस चालवते. त्याआधी ती माझ्या वर्गात होती आणि बीजगणितात दोनदा नापास झाली. आज ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. नवरा गिल जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा नौदलात आहे, तरी मला अजून 'बाई'च म्हणते, आणि काही चुकलं असलं की वही घरी विसरल्यासारखी दारात उभी राहते. पक्ष आपापला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडतात त्या प्राथमिक निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी पावणेनऊला, ती तशीच उभी होती.

"आत ये, घर गार होतंय," मी म्हटलं.

"बूट ओले आहेत."

"मग काढ."

"मला बसायचंच नाहीये, बाई. लाइलला काढून टाकतायत. आणि ते माझ्यामुळे."

मला गोष्टी अर्धवट ऐकायचा कंटाळा आहे. मी तिला बखोटीला धरून आत घेतलं, स्टोव्हजवळच्या खुर्चीवर बसवलं. ती लगेच उठली. मग खिडकीपाशी गेली, मग दाराशी, मग पुन्हा खिडकीपाशी. असं फिरत फिरत तिनं जे सांगितलं ते समजायचं तर डोरीनचा डबा काय आहे ते आधी सांगायला हवं.

डबा पत्र्याचा, आईच्या पाककृतींचा. डोरीननं पाककृती फेकल्या आणि त्यात गाव भरलं. दर घराचं एक कार्ड. नाव, रस्ता, कुत्र्याचं नाव, आणि सध्या राग कशावर आहे. बसच्या उंच सीटवरून तिला सगळं दिसतं. कोणाची गाडी तीन दिवस हलली नाही, कोणाच्या अंगणातला बर्फ शेजाऱ्यानं काढला, कोणाच्या दोरीवर लंगोट वाळतायत. बाकीच्या देशाला राष्ट्राध्यक्ष टीव्हीत भेटतो. आमच्या न्यू हॅम्पशायरला पहिलं मत द्यायचं असतं, म्हणून तो निवडून येण्याआधी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसतो, आणि तीनदा भेटल्याशिवाय आमचे लोक त्याला हो म्हणत नाहीत. एका उमेदवाराला डोरीननं बसखाली टॉर्च धरायला लावलं होतं. त्यानं धरला. ज्या कोणाच्या मागे डोरीन आणि तिचा डबा गेला, त्यानं चार निवडणुका वेल्डन जिंकलं होतं. पेपरवालेसुद्धा 'डोरीनचं गाव' म्हणायचे. ती वरवर म्हणायची, "काहीतरीच," आणि कात्रण फ्रिजवर लावायची.

यंदा ती गव्हर्नर लिंडक्विस्टची होती. जूनमध्ये तो तिच्या ओसरीवर बसून रुबार्बची आंबटगोड पाई खाऊन गेला, मुलाचं नाव विचारून गेला. ऑक्टोबरमध्ये परत आला तेव्हा म्हणाला, "केव्हिनचं जहाज कुठे आहे आता?" झालं. त्या दिवसापासून त्याच्याविरुद्ध कोणी बोललं तर डोरीन बसचा हॉर्न वाजवायची.

लिंडक्विस्ट पहिल्यापासून सगळ्यांच्या पुढे. मे महिन्यापासून टीव्हीवर एकच चर्चा, तो जिंकणार का ही नाही, कितीनं जिंकणार ही. त्याच्यासमोर, त्याच पक्षातून, उभी होती ती संसदेतली ओकाम्पो, लहानखुरी बाई, भाड्याच्या गाडीतून फिरायची आणि कचरा डेपोवर शनिवारी सकाळी लोकांच्या पिशव्या उचलायला मदत करायची. जानेवारीत ती बावीस टक्क्यांनी मागे होती.

आणि लाइल. लाइल ब्रँडवोल्ड, चोपन्न वर्षांचा, विस्कॉन्सिनचा. ज्या वर्तमानपत्रात तो तीस वर्षं होता ते बंद पडलं. लिंडक्विस्टच्या प्रचारात त्याला आमच्या भागातल्या सहा गावांचं काम मिळालं. प्रचाराची माणसं इथे लोकांच्या घरीच उतरतात. लाइल केव्हिनच्या खोलीत उतरला आणि नऊ महिने राहिला. स्वतःचं कॉफीचं गाळणं घेऊन आलेला माणूस. ताट धुतल्याशिवाय टेबलावरून उठायचा नाही. एकदा तो डोरीनला म्हणाला होता, "या वयात मला कामावर घेणारं हे शेवटचं ऑफिस आहे. यांनी हाकललं की संपलं." ते वाक्य तिनं मला निदान सहा वेळा ऐकवलं असेल.

आता तिची चूक.

आमच्याकडे निम्म्या लोकांचं नाव कुठल्याच पक्षात नोंदलेलं नसतं. ही मोकळी माणसं मतदानाच्या दिवशी टेबलापाशी येतात आणि मागतील ती मतपत्रिका त्यांना मिळते. डोरीनच्या पक्षाची निळी, समोरच्यांची पिवळी. दोन्ही मिळत नाहीत. जाताना दाराशी एका कार्डावर सही केली की माणूस पुन्हा मोकळा. त्या दाराशी मी बसते. वर्गातून सुटल्यापासून मी मतदारयादीची पर्यवेक्षक आहे. शपथ घेतलेली, कोणाचीच नसलेली.

पिवळ्यांच्या शर्यतीत यंदा कोल्टर नावाचा एक आरडाओरडा करणारा माणूस होता आणि एक माजी न्यायाधीश होती, समजूतदार. दोघं अगदी बरोबरीत. डोरीनला कोल्टर डोळ्यांसमोर नको. तिनं हिशेब केला, तिच्या बीजगणितानं. आपला गव्हर्नर बावीसनं पुढे आहे, त्याला आपल्या मोकळ्या लोकांची गरज काय? डब्यातली एकतीस मोकळी कार्डं काढली, प्रत्येकावर पिवळा ठिपका चिकटवला, आणि प्रत्येकाला डेपोवर, चर्चमध्ये, फोनवर गाठून सांगितलं, "एक दिवस तुझं मत पलीकडे उसनं दे. पिवळी घे, न्यायाधीशबाईला टाक. आपल्याकडे काही अडत नाही."

ही चूक दुसऱ्या कुठल्या राज्यात करताच आली नसती. करायला आमच्याएवढी मोकळीक आणि आमच्याएवढा आगाऊपणा, दोन्ही लागतं.

मंगळवारी सात वाजता मतदान संपलं, लाकडी पेटी उघडली, हातानं मोजलं. वेल्डनमध्ये ओकाम्पो दोनशे सत्त्याण्णव, लिंडक्विस्ट दोनशे एकाहत्तर. सव्वीसनं पडला. राज्यभरात तीन टक्क्यांनी पडला. तिकडे पिवळ्यांत कोल्टर जिंकला तो जिंकलाच.

"आणि आज सकाळी," डोरीन माझ्या खिडकीवर बोटं वाजवत म्हणाली, "चर्चच्या हॉलमध्ये विजयाचा नाश्ता होता. गव्हर्नर येणार होते. बादलीभर पीठ भिजवलंय मी पॅनकेकचं. पाच वाजता निरोप आला, ते विमानानं साउथ कॅरोलायनाला गेले, पुढचं मतदान तिथे. बस एवढंच. 'आभार' पण नाही. ते राहू दे. लाइलनं काल रात्रीच फोन परत देऊन टाकला, ऑफिसच्या मालकीचा होता. सकाळी काही बोलला नाही. कॉफी केली आणि पाट्या काढायला निघून गेला. ऑफिसात कोणाला ठेवायचं त्याची यादी करतायत, बाई. निम्म्याहून जास्त माणसं कमी करणार. ज्याची गावं पडली तो आधी."

"मग जा आणि सांग, तुझी चूक आहे."

"जातेच आहे. तुम्ही चला."

"मी कशाला?"

"तुम्ही असलात की मी खोटं बोलत नाही."

मी कोट घातला. दुपारच्या फेरीसाठी तिनं बस डेपोत फोन करून बदली माणूस मागितला. सव्वीस वर्षांतली पहिली रजा. पलीकडचा माणूस दोनदा विचारत होता, "कोणी मेलं का?"

*

ऑफिस मँचेस्टरला, तिथवर पन्नास मिनिटं लागतात. बर्फ भुरभुरत होता, वायपर कुरकुरत होते, आणि डोरीन बसच्या सवयीनं प्रत्येक रेल्वे फाटकाशी थांबत होती. थांबली की स्टिअरिंगवर मूठ आपटत होती. आणि नावं म्हणत होती. ती एकतीस नावं तिला तोंडपाठ होती, जपमाळेसारखी ओढत होती.

"रॉय लाप्लांत. रॉयला मी स्वतः सांगितलं. मिसेस टटल. दोघे गॅन्यॉन बंधू. जनावरांचा डॉक्टर. त्याची बायको..."

मी ऐकत होते. आणि मला आठवत होतं. चाळीस वर्षं हजेरी घेतलेली बाई मी, कोण कुठून आलं आणि काय घेऊन गेलं हे माझ्या डोक्यातून जात नाही. शिवाय मंगळवारी संध्याकाळी खुणा केलेली यादी मीच ओळ न् ओळ तपासली होती. रॉय लाप्लांत, निळी. मिसेस टटल, निळी. गॅन्यॉन बंधूंपैकी थोरला पिवळी, धाकटा निळी. डॉक्टर निळी. त्याची बायको निळी.

नदीवरच्या पुलापर्यंत तिची माळ संपली तेव्हा माझी बेरीज झाली होती. एकतिसांतल्या अकरांनी पिवळी घेतली होती. वीस जणांनी तिचं ऐकलंच नव्हतं.

सव्वीसनं पडलेला माणूस अकरा मतांनी वर येत नाही. हे तिलाही कळलं असतं, बीजगणित न येता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हे सांगितलं असतं तर तिची चूक लहान झाली असती, आणि तेवढ्या लहान चुकीसाठी कोणी कोणाला यादीत परत घेत नाही. लाइलला परत घ्यायचं तर मोठी चूक हवी होती, आणि ती पदरात घेऊन डोरीन ताशी साठच्या वेगानं चालली होती.

"काय म्हणालात, बाई?"

"पुढे बघून चालव."

लिंडक्विस्टचं ऑफिस पूर्वी गालिच्यांचं दुकान होतं. आठवड्यापूर्वी तिथे उभं राहायला जागा नसायची. त्या दिवशी दारात कोणी विचारलंसुद्धा नाही. टेबलं भिंतीशी सरकवलेली, फोन दुधाच्या क्रेटमध्ये ओतलेले, पुठ्ठ्याचा माणसाएवढा लिंडक्विस्ट रेडिएटरकडे तोंड करून उभा. दोन मुली कागद फाडत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. टीव्ही चालू. मागच्या बुधवारी तोच निवेदक विचारत होता की गव्हर्नर उपराष्ट्राध्यक्ष कोणाला करतील. आता विचारत होता की गव्हर्नर महिनाभर तरी टिकतील का. तेच केस, तोच टाय.

पॉला सगळ्या राज्यातल्या प्रचाराची प्रमुख. पस्तिशीची, तीन दिवस त्याच स्वेटरमध्ये. ती फोनवर होती. "नाही सर, दुसरे आलो म्हणजे हरलो असं नाही... हो, मला ठाऊक आहे तुम्ही काय पाहिलंत... नाही, महापौर आमच्याबरोबरच आहेत, त्यांचा फोन फक्त बंद आहे." तिनं फोन ठेवला. फोन लगेच वाजला. तिनं तो पालथा घातला.

"पॉला, चूक माझी आहे," डोरीन म्हणाली. "लाइलची नाही. मी एकतीस लोकांना पिवळी घ्यायला सांगितलं."

पॉलानं डोळे चोळले. "तुम्ही सहाव्या."

"सहावी काय?"

"आज सकाळपासून कबुली द्यायला आलेल्या. एकानं सगळ्या बर्फ काढणाऱ्यांना पलीकडे पाठवलं. उत्तरेकडच्या एका गावात चर्चमध्ये गाणारे यच्चयावत लोक पिवळी घेऊन आले, निवडणुकीआधी सराव करून! डोरीन, आपण जिंकणार, आपण जिंकणार हे वर्षभर आपणच इतकं ओरडलो की आपल्याच लोकांना आपल्याला मत द्यायची गरज उरली नाही. आता हे मी कोणाला सांगू? वर सांगितलं तर म्हणतील, तुझी माणसं करत काय होती? पेपरला सांगितलं तर म्हणतील, यांना यांचीसुद्धा माणसं मत देत नाहीत. जे देणगीदार माझ्यामागे फिरायचे, ते आज मीटिंगमध्ये आहेत. सगळे. एकाच वेळी."

"मला ते काही कळत नाही. लाइलचं नाव यादीत घाल."

"लाइलचं नाव लाइलनंच काढलं."

डोरीन पहिल्यांदा स्थिर उभी राहिली.

"सहा वाजता त्याचा अहवाल आला," पॉला म्हणाली. "लिहितो, मोकळ्या मतदारांना मीच सैल सोडलं, पलीकडे जायला मीच सांगितलं होतं. त्यावर मी काय करणार होते? कोणाला तरी काढायचंच होतं. बेचाळीसमधले चौदा ठेवायचेत."

"खोटारडा!" डोरीन ओरडली, कागद फाडणाऱ्या मुली थांबल्या. "साफ खोटारडा! त्याला काही ठाऊक नव्हतं. सोमवारी कार्डं संगणकात भरताना त्यानं विचारलं, हे पिवळे ठिपके कसले? मी म्हटलं, सर्दी झालेले लोक आहेत, त्यांच्या दारी जाऊ नकोस."

"एकतीस जणांना सर्दी?"

"फेब्रुवारी आहे!"

पॉला हसली. मला वाटतं त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग माझ्याकडे वळली. "आणि आपण कोण?"

"वेल्डनची मतदारयादी पाहते. कुठल्याच बाजूची नाही."

"या म्हणतात ते खरं आहे?"

"तिनं एकतीस जणांना सांगितलं," मी म्हटलं, "हे खरं आहे."

प्रश्न तेवढाच होता, उत्तर तेवढंच दिलं.

पॉलानं भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. चौदातलं एक नाव खोडलेलं होतं. "ही पोरगी सकाळी ओकाम्पोकडे गेली. आठ वाजता राजीनामा, नऊ वाजता तिकडच्या टेबलावर. एक जागा आहे. व्हॅन बरोबर एकला इथून साउथ कॅरोलायनाला निघते. हुद्दा नाही, खोली चौघांत एक. तो इथे असला तर जाईल. मी कोणाची वाट पाहू शकत नाही, डोरीन. आज आमची कोणी पाहत नाहीये."

घड्याळात साडेदहा झाले होते.

*

लाइल कचरा डेपोवर सापडला. बुधवारी डेपो उघडा असतो. लिंडक्विस्टच्या पाट्यांचा ढीग लावून तो एकेका पाटीच्या तारा उपसत होता. तारा लोखंडाच्या पेटीत, पुठ्ठा पुठ्ठ्याच्या, डेपोच्या नियमाप्रमाणे. ज्या गावात आता त्याचं काही उरलं नव्हतं तिथले नियम तो पाळत होता.

डोरीननं गाडी बंदसुद्धा केली नाही. "बस गाडीत!"

"अजून मिल रोडच्या पाट्या राहिल्यात."

"लाइल, तू खोटं का लिहिलंस?"

त्यानं हातातली तार वाकवून सरळ केली. "ठिपके सर्दीचे नव्हते हे काल रात्री कळलं मला. ते कोणाला तरी धरणारच होते. तुझं नाव वर गेलं असतं, मग पेपरात. तुला इथे राहायचंय. सकाळी सात वाजता या सगळ्यांच्या दारात जायचंय. मला काय?"

"तुला काम!"

"कसलं काम, डोरीन? मी तीस वर्षं निवडणुकांच्या बातम्या केल्या. जो मागून येतो तो हरला तरी उद्या उठतो, त्याच्याकडून कोणाची अपेक्षा नसते. जो पुढे असतो त्याची सगळी मालमत्ता एकच, तो पुढे आहे ही. ती काल गेली. पैसेवाले, महापौर, टीव्ही, सगळे त्या एका गोष्टीला चिकटले होते, त्या माणसाला नव्हे. तो टिकेल दोन-तीन आठवडे. मग एक दिवस बायकोला शेजारी उभी करून माघारीचं भाषण करेल."

"मग दोन-तीन आठवडे काम आहे की नाही?"

"तसं पाहिलं तर..."

"बाई, याला सांगा."

"लाइल," मी म्हटलं, "ती आज सव्वीस वर्षांत पहिल्यांदा रजेवर आहे. मुकाट्यानं बस."

तो बसला.

घरी डोरीन आत गेली आणि चार मिनिटांत कपडे धुवायची टोपली घेऊन बाहेर आली. टोपलीत त्याचे शर्ट, औषधं, गुडघ्याचे पट्टे, वर कॉफीचं गाळणं. "बॅग शोधायला वेळ नाही." निघालो तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि बर्फ आता भुरभुरत नव्हता, पडत होता. पुढे बर्फ ढकलणारी गाडी, तिच्यामागे आम्ही, ताशी तीस. डोरीन सीटवर पुढे सरकून जणू गाडीला ढकलत होती. "पॉलाला फोन लावा, बाई." लावला. निरोपांची पेटी भरली आहे, नवा ठेवता येणार नाही. पुन्हा लावला. तेच. हरलेल्या ऑफिसला सगळं जग फोन करत असतं, आणि एकही कामाचा नसतो.

एक वाजून दहा मिनिटांनी गालिच्यांच्या दुकानापुढे पोचलो. व्हॅनच्या चाकांच्या खुणा होत्या, व्हॅन नव्हती.

"जाऊ दे, डोरीन," लाइल मागून म्हणाला. टोपली मांडीवर. "तू केलंस ते पुष्कळ झालं."

"गप्प बस. व्हॅनमध्ये किती माणसं?"

"तेरा, आणि एक रिकामी जागा. का?"

"पहाटेपासून काय पितायत?"

"कॉफी."

"आणि सीमेवर काय आहे?"

मी ओळखलं. राज्याची हद्द संपायच्या आधी महामार्गावर शेवटचं विश्रांतीस्थान आहे, त्याला लागून सरकारी दारूचं दुकान, बिनकराचं. पलीकडे मॅसॅच्युसेट्स लागलं की भाव वाढतात.

"तेरा हरलेली माणसं," डोरीन गाडी वळवत म्हणाली, "पोटात कॉफी, पुढे सोळा तास, आणि उजव्या हाताला स्वस्त व्हिस्की. मी पोरांची बस चालवते, लाइल. कोण कुठे थांबणार हे मला शिकवू नकोस."

व्हॅन तिथेच होती. दोघं-तिघं पिशव्या घेऊन धावत येत होते, ड्रायव्हर दार ओढत होता. डोरीननं आपली गाडी सरळ तिच्यासमोर आडवी लावली आणि हॉर्नवर हात ठेवला, जसा लिंडक्विस्टविरुद्ध बोलणाऱ्यांसाठी ठेवायची. ड्रायव्हर शिव्या देत उतरला. डोरीन उतरली. तिनं काय सांगितलं ते वाऱ्यात ऐकू आलं नाही, पण हातवारे मला ओळखीचे होते. रस्त्यात उभ्या राहणाऱ्या पालकांसाठी ती तेच करते. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं.

लाइल टोपली घेऊन बर्फात उभा राहिला. "डोरीन, खोली रिकामी करून घे. दुसरा कोणी..."

"चादरी धुईन, एवढंच. चढ."

तो चढला. गुडघ्यामुळे दोन प्रयत्नांत.

*

परतीच्या वाटेवर ती पहिल्यांदा मागे रेलून बसली. अर्धा मैल. मग पुन्हा सुरू. "बिचाऱ्या त्या एकतीस लोकांना आता कसं तोंड दाखवू? माझ्या शब्दावर गेले हो ते, बाई. माझ्यावर विश्वास ठेवून."

आता गप्प राहायचं कारण उरलं नव्हतं. "एकतीस नाहीत. अकरा."

"काय अकरा?"

"पिवळी घेतलेले. बाकी वीस जणांनी निळीच घेतली. ती अकरा मतं निळ्यात आली असती आणि सगळी तुझ्या गव्हर्नरला पडली असती, तरी तो पंधरानं पडलाच असता. खुणांची यादी नगर कार्यालयात पडलेली आहे, कोणीही पाहू शकतं. तू पाहिली नाहीस."

तिनं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. वायपर चालत राहिले.

"रॉय?"

"निळी."

"मला म्हणाला पिवळी घेतली. हसून म्हणाला. मिसेस टटल?"

"निळी."

"मग दिलं कोणाला?"

"ते माझ्या टेबलावर दिसत नाही. पण ओकाम्पोची दोनशे सत्त्याण्णव कुठून तरी आली."

तिनं वायपर बंद केले. "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"सकाळी पुलापासून."

"आणि मी तिथे सगळ्यांसमोर ओरडत होते, माझी चूक, माझी चूक म्हणून!"

"आधी सांगितलं असतं तर तू गाडी वळवली असतीस."

ती नाही म्हणाली नाही. "सव्वीस वर्षं यांची पोरं नेतेय," ती म्हणाली, "आणि अकरा. नुसते अकरा. मेली चूकसुद्धा पुरती माझी नाही." मग गाडी सुरू केली, आणि वेल्डन येईपर्यंत एकही फाटक न चुकवता थांबत राहिली.

गुरुवारी सकाळी सात दहाला चौदा नंबर माझ्या खिडकीखालून रॉय लाप्लांतच्या फाटकाशी आली. त्याच्या दोन्ही नाती चढल्या. बस निघाली नाही. दार उघडंच. थोड्या वेळानं रॉय झोपायच्या कपड्यांवर कोट घालून पायरीवर आला, मग बर्फातून बसपर्यंत. डोरीन सीटवरून वाकून बोलत होती, तो हात हलवत होता, मग डोकं खाजवत होता, मग बराच वेळ बोलत होता. मागच्या खिडक्यांना पोरांची नाकं चिकटली होती. बस सहा मिनिटं उशिरा गेली. शुक्रवारी मिसेस टटलच्या दारात आठ मिनिटं. शाळेतून पत्र आलं तेव्हा विसांपैकी सतरा जणांशी बोलून झालं होतं. डब्यातल्या कार्डांवर राग लिहायची जागा कमी पडली म्हणून तिनं मोठी कार्डं आणली.

लिंडक्विस्ट अठरा दिवस टिकला. साउथ कॅरोलायनात तिसरा आला, दुसऱ्या दिवशी बायकोला शेजारी उभी करून भाषण केलं. लाइल पुढच्या आठवड्यात बसनं आला, तीच टोपली घेऊन. डोरीननं चादरी धुतल्या होत्या.

"अठरा दिवसांसाठी एवढी धावपळ," मी तिच्या स्वयंपाकघरात म्हटलं.

"एकोणीस," लाइल ताट धुता धुता म्हणाला. "प्रवासाचा दिवस त्यांनी धरला."

"तिकडे लोकांना काय सांगायचास?"

"आधी विचारायचो, कोणाला देणार. आणि मग तीनदा विचारायचो, खरंच?"

डोरीन टेबलावर नवी कार्डं मांडून बसली होती. तिनं मान वर केली. "चौदा नंबरला बदली माणूस हवाय त्यांना. माझ्या उशिराच्या दिवसांसाठी. तुझे गुडघे क्लचला चालतील का?"

"तुझे उशिराचे दिवस किती असणार आहेत?"

"पुष्कळ," ती म्हणाली. "अजून पाचशे घरं राहिलीयत."